वाडा ते मुलुंड: घरच्या झिनीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, वाडा (जि. पालघर)

झिनीची, आमच्या भाताच्या वाणाची, कापणी या आठवड्यात लागेल. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात दसऱ्याच्या आगेमागे घरात आलं, झिनी गरवी, तिला वेळ लागतो. चार एकर उभी आहे. उंच वाढते म्हणून बांधाकडची थोडी लोळली आहे, पण लोंब्या भरल्यात. मुंबईत लोक ‘वाडा कोलम’ म्हणून मागतात तो हाच तांदूळ. गावात त्याला कोलम कुणी म्हणत नाही, झिनीच म्हणतात. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी या नावाखाली बाहेरून आलेला कुठलाही कोलम मुंबईत सर्रास विकला जातो आणि घेणाऱ्याला फरक कळायला काही वाट नाही.

आजवर बाबा भात व्यापाऱ्याच्या काट्यावर देत आले. यंदा घरी बसून ठरलं की खायचं, बियाण्याचं आणि मजुरीत द्यायचं भात काढून बाकी सगळ्याचा तांदूळ करायचा आणि तो थेट मुंबईतल्या घरांना द्यायचा. शेत, भात साठवायची कणगी, गिरण दादाकडे. पाखडणं-निवडणं आई आणि वहिनीकडे. मुंबईतली घरं, पैसे आणि ही वही माझ्याकडे.

२४ नोव्हेंबर २०२४, वाडा

कापणी झाली. विधानसभेच्या मतदानाच्या आधीचे दोन दिवस मजूर मिळेनात, निवडणुकीच्या कामात सगळे. २१ तारखेपासून माणसं आली आणि काम उरकलं. भारे खळ्यावर आणून त्यांची उडवी, म्हणजे रास, रचली. पाऊस नाही, हे सगळ्यात मोठं.

८ डिसेंबर २०२४, वाडा

झोडणी पूर्ण. चार एकरांत चाळीस क्विंटल भात. झिनीला एवढंच येतं, संकरित वाणाच्या मानाने कमी. बाबांचं म्हणणं, खत वाढवलं असतं तर आणखी लोळली असती.

कृषी सेवा केंद्रातून ओलावा मोजायचं यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. पहिल्या दिवशी १७ टक्के. बाबांनी त्याच ढिगातला दाणा दाताखाली धरला, तो चेपला गेला, तुटला नाही. म्हणाले, “अजून दोन उन्हं द्या.” दोन उन्हांनंतर पुन्हा दाणा धरला तर कट्‌ असा आवाज होऊन सरळ दोन तुकडे. यंत्र १३ दाखवत होतं. ओलं भात भरडलं तर दाणा चेचला जातो. फार तापलेलं भरडलं तर तांदळाला आतून तडे जातात आणि कणीच जास्त पडते. म्हणून भर दुपारी पसरलेलं भात तसंच गिरणीत न्यायचं नाही, रात्रभर सावलीत निवू द्यायचं. हे दादाला आणि वहिनीला बाबांकडून नीट समजून घ्यायला सांगितलं आहे.

२२ डिसेंबर २०२४, मुलुंड

आज हिशेब मांडला. एवढे दिवस आम्ही ‘जास्तीत जास्त गिऱ्हाईक कसं मिळेल’ असंच बोलत होतो. कागदावर आकडे आल्यावर प्रश्न उलटाच निघाला.

चाळीसपैकी सहा क्विंटल घरचं, बियाण्याचं, मजुरीचं. उरलं चौतीस. रबर रोलच्या गिरणीत आमच्या झिनीचा अख्खा तांदूळ शंभर किलोला साठ किलोच्या आसपास पडतो, वर आठेक किलो कणी. म्हणजे अख्खा तांदूळ २,०४० किलो. मुंबईतलं चार माणसांचं घर, रात्री पोळी-भाकरी आणि दोन्ही वेळा थोडा भात अशा बेताने, महिन्याला पाच किलो तांदूळ खातं. वर्षाचे साठ.

चौतीस घरं. आमच्या चार एकरांत चौतीस घरं जेवतात, पस्तिसावं नाही.

दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “बस्स? आपल्या एका बिल्डिंगमध्येच तेवढी घरं असतील.” आहेतच. म्हणून जाहिरात करत फिरायचं नाही असं ठरवलं. चौतीस घरं नीट निवडायची, प्रत्येकाकडून वर्षाची नोंद घ्यायची, आणि त्या घराला वर्षभर तांदूळ कमी पडू द्यायचा नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. माझी सासू गिरगावातली. त्यांच्या चाळीतल्या घरी एप्रिल-मे मध्ये वर्षाचा तांदूळ भरायचे, मोठ्या डब्यांत, एरंडेल लावून. आता कुणाच्या घरात तेवढी जागा आहे? वन बीएचकेमध्ये साठ किलो तांदूळ ठेवायचा कुठे, आणि पावसाळ्यात तो सांभाळायचा कुणी? पण बेगमीची कल्पना सोडायचं कारण नाही, फक्त ती आमच्या कणगीत ठेवायची. भात तुसात असेपर्यंत त्याला कीड सहज लागत नाही, तांदूळ केला की लागते. म्हणून घरागणिक वर्षाचं भात गावी राखून ठेवायचं आणि महिन्याला लागेल तेवढंच भरडून आणायचं. प्रत्येक पिशवीवर भरडल्याची तारीख. दुकानातल्या पिशवीवर पॅक केल्याची तारीख असते, भरडल्याची नसते. घेणाऱ्याला ही गोष्ट आम्हीच देऊ शकतो, कारण गिरणीसमोर आम्ही स्वतः उभे असतो.

१२ जानेवारी २०२५, वाडा

पहिली भरडाई. गिरणीवर जाताना दादाबरोबर मीही गेले. आधीच्या माणसाचं जाड भात चाललं होतं. ते संपल्यावर गिरणीवाल्या काकांना विनंती करून यंत्र थोडा वेळ रिकामं फिरवलं, तरी आमच्या भाताचं पहिलं घमेलं पडलं त्यात जाड पांढरे दाणे दिसत होतेच. ते घमेलं बाजूला काढून घरच्या खाण्यात टाकलं. यापुढे प्रत्येक वेळी असंच करायचं, पहिलं घमेलं घराचं.

पॉलिश एकदाच. तांदूळ किंचित पिवळसर दिसतो, हाताला कोंड्याची पुसट भुकटी लागते. काका म्हणाले, “अजून एक हात मारू का, चकाकेल.” नको म्हटलं. चकाकीसाठी कोंडा तर जातोच, दाणेही तुटतात.

भाव. यंदा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये आहे. त्या दराने शंभर किलो भाताचे २,३०० रुपये. तेच भरडून साठ किलो तांदूळ ८५ रुपयांनी दिला तर ५,१००, आठ किलो कणी ३५ ने २८०. भरडाई, पिशव्या, निवडणी आणि टेम्पो मिळून किलोमागे १४ रुपये धरले तर ८४० वजा. हातात ४,५४०. जवळपास दुप्पट, पण व्यापारी त्याच दिवशी रोख मोजतो आणि आपले पैसे बारा महिन्यांत पसरतात. शिवाय आई-वहिनीच्या निवडणीला या हिशेबात किलोला ४ रुपयेच धरलेत, ते पुढच्या वर्षी वाढवायचे. घरच्या बाईचं काम फुकट धरून काढलेला नफा मी नफा मानत नाही.

ठरलं: घरामागे वर्षाच्या नोंदीला १,००० रुपये आगाऊ, बाकी महिन्याच्या महिन्याला.

२ फेब्रुवारी २०२५, मुलुंड

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना भात वाढला. मसालेभात नाही, पुलाव नाही. साधा भात, बिनफोडणीचं वरण, तूप, लिंबू. त्यात तांदूळ लपत नाही.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, “भात चिकट का झालाय?” नव्या तांदळाचा होतोच. नवा तांदूळ पाणी कमी मागतो, वाटीला पावणेदोन वाट्या पुरे. सहा-आठ महिने जुना झाला की सव्वादोन वाट्या घेतो आणि मोकळा होतो. हे छापून प्रत्येक पिशवीला दोऱ्याने कागद बांधायचा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याचं माप बदलून नवा कागद. एका आजींनी नवाच पसंत केला, त्यांच्या यजमानांना मऊ भात आणि पेज लागते. त्यांच्या नावापुढे ‘मऊ’ असं लिहिलंय, म्हणजे पुढच्या हंगामात नवं भात त्यांच्यासाठी लवकर भरडता येईल.

नमुना फुकट दिला नाही. एक किलोची पिशवी, पूर्ण भावाने. फुकट घेतलेला तांदूळ डब्याच्या तळाशी जातो, विकत घेतलेला त्याच आठवड्यात शिजतो.

१६ फेब्रुवारी २०२५, मुलुंड

कागदपत्रं. अन्न सुरक्षेची नोंदणी झाली. वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला मूळ नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी क्रमांक पिशवीवर छापायचा. जीएसटी: जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के आहे, पण राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या आत नोंदणीची सक्ती नाही. आपण त्यापासून लांब आहोत. लेबलवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना-वर्ष, किंमत, किलोचा दर आणि तक्रारीसाठी फोन, हे सगळं हवंच. काट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, करून घेतलं, दर वर्षी करावं लागेल.

मानांकनाचं चिन्ह मात्र छापायचं नाही. आपलं शेत वाड्यातलं असलं तरी चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लागल्याशिवाय ते चिन्ह वापरता येत नाही. अर्जाची तयारी दादा करतोय, सातबारा आणि पिकाची नोंद काढली.

पिशवी पाच किलो आणि दहा किलो, त्याहून मोठी नाही. गिरगावात तिसरा-चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि दार उघडणाऱ्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या काकू.

३० मार्च २०२५, मुलुंड

पाडवा. चौतीस घरं भरली: मुलुंडमध्ये सोळा, पार्ल्यात नऊ, गिरगावात पाच, बाकी दादरला. एकही जाहिरात नाही, सगळी एकमेकींच्या सांगण्यातून. वाट पाहणाऱ्यांची वेगळी यादी केली आहे.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी फेरी. दादा पहाटे छोटा हत्ती टेम्पो घेऊन निघतो, अंबाडी, भिवंडी, ठाणे करत साडेसातला मुलुंडला. उशीर झाला तर ठाण्याच्या गर्दीत अडकतो. एका सोसायटीने गेटच्या आत गाडी घ्यायला नकार दिला, विक्रेत्यांना बंदी म्हणून. आम्ही विकायला नाही, नोंदवलेलं पोहोचवायला येतो हे पत्र लिहून दिलं, यादीतल्या तीन घरांनी सह्या केल्या, आता वॉचमन रजिस्टरमध्ये नोंद करून सोडतात.

१८ मे २०२५, वाडा

लग्नसराई. एका केटरिंगवाल्यांनी ३०० किलो मागितले, भावात घासाघीस न करता, पैसे आधी. त्याच आठवड्यात भिवंडीच्या बाजूचा एक व्यापारी घरी येऊन गेला: तुमचं नाव झालंय, माल मी देतो, कोलमच आहे, तुमच्या पिशवीत भरा, किलोला २० रुपये सुटतील. तांदूळ त्याने दाखवलाही. दिसायला आपल्यापेक्षा देखणा, एकसारखा.

रात्री ओसरीवर सगळे बसलो. दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. टेम्पोचा हप्ता आहे, विहिरीची मोटार बदलायची आहे, आणि वाट पाहणाऱ्यांची यादी आता आमच्या यादीपेक्षा मोठी झालीय. “निदान त्यांना तरी देऊ. सांगून देऊ की हा दुसरीकडचा आहे.”

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांगून दिलास तर तो दुकानात मिळतो तोच तांदूळ, तुझ्याकडून का घेतील? आणि न सांगता दिलास तर मला त्या घरात पाणी प्यायला जाता येणार नाही.”

माझं मतही तेच, आणि ते निव्वळ भावनेचं नाही. आमच्याकडे दुकान नाही, ब्रँड नाही, उधारीची ताकद नाही. पिशवीवरची भरडल्याची तारीख आणि शेताचं नाव, एवढीच आमची मालमत्ता. ती एकदा मिसळली की चौतीस घरांना आमच्याकडून तांदूळ घ्यायचं कारणच उरत नाही. केटरिंगवाल्यांनाही नाही म्हणून कळवलं. तीनशे किलो म्हणजे पाच घरांचं वर्ष. आगाऊ घेऊन ठेवलेल्या घरांच्या ताटातलं काढून कुणाला द्यायचं नाही.

पण वाढायचं तर आहे. बाबांनीच रस्ता सुचवला: शेजारी काकांची दोन एकर आणि ओढ्यापलीकडच्या घराची तीन एकर झिनीच आहे, बियाणं आपल्याच घरातून गेलेलं. त्यांचं भात त्यांच्या नावाने घ्यायचं. उद्या बोलणी.

२७ मे २०२५, मुलुंड

काल पाऊस मुंबईत दाखल झाला. ११ जूनला येणारा २६ मे ला आला, पंचाहत्तर वर्षांत एवढ्या लवकर आला नव्हता. गावी धूळपेर, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरणी, करायला मिळालीच नाही, रोपांसाठी भाजलेल्या राबाची राख भिजून बसली. दादा म्हणतो, आता उघाडीप मिळेल तेव्हा रहू धरून, म्हणजे बियाण्याला मोड आणून, रोपं टाकायची. पावसाआधी जून-जुलै दोन्ही महिन्यांचं भरडून ठेवायचा बेत होता, तोही गेला. काल संध्याकाळी कणगीचं तोंड मेणकापडाने बांधून घेतलं. खाली पेंढा आणि फळ्या आहेत, ओल वर येणार नाही. सगळ्या घरांना निरोप पाठवला: जूनची फेरी उघाडीप बघून, दोन दिवस मागेपुढे.

१३ जुलै २०२५, मुलुंड

पार्ल्याच्या एका घरून फोटो आला, तांदळात सोंडे. पिशवी परत आणून त्याच दिवशी माझ्या घरच्या डब्यातली पाच किलो दिली. जूनच्या सुरुवातीला भरडलेली पिशवी, ओट्याखाली सिंकशेजारी ठेवलेली. बाकीच्या तेहतीस घरांनाही मी स्वतः फोन करून विचारलं, कुणाकडे नाही.

पावसाळ्यापुरता बदल: महिन्यातून दोन फेऱ्या, घराला अडीच-अडीच किलो. टेम्पोचा खर्च वाढतो, तो आम्ही सोसायचा. तांदळाला बोरिक पावडर आम्ही लावत नाही, लावणार नाही. वहिनीने कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून कापडाच्या छोट्या पुरचुंड्या शिवल्या, प्रत्येक घराला एक. डबा स्टीलचा, कोरडा, सिंकपासून लांब, हे कागदावर ठळक लिहिलं.

२४ ऑगस्ट २०२५, मुलुंड

१८-१९ तारखेच्या पावसात मुंबई ठप्प होती, फेरी शनिवारी केली. भिवंडी-वाडा रस्त्यावर खड्ड्यांतून टेम्पो काढताना दोन पिशव्या उसवल्या. आता पिशव्या प्लास्टिकच्या क्रेटमध्येच लावायच्या.

बुधवारी गणपती. उकडीच्या मोदकांना पिठी हवी म्हणून जुलैपासून विचारणा होती. आपल्याकडे बरीच कणी पडून, ३५ रुपयांनी उचलायला कोंबडीवाल्याशिवाय कुणी नाही. कणी तीन पाण्यांनी धुवायची, चाळणीत निथळायची, मग वाळवायची. ऊन नाही, म्हणून माझ्या हॉलमध्ये जुनी सुती धोतरं अंथरून पंख्याखाली पसरली. मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टेकवला की फुटतो, इतपत ओल ठेवून दळायला दिली आणि पीठ पुन्हा पंख्याखाली. वहिनी त्यासाठी दोन दिवस येऊन राहिली. पहिल्या उकडीचे मोदक करून पाहिले, कळ्या तुटल्या नाहीत. आंबेमोहोराचा वास नाही, ते सगळ्यांना आधीच सांगितलं.

११० रुपये किलो, फक्त यादीतल्या आणि वाट पाहणाऱ्या घरांना, घरटी एक किलो. सगळी गेली. वाट पाहणाऱ्यांना वर्षभर नुसतं नाही म्हणत राहण्यापेक्षा हे बरं, आणि पैसे वहिनीच्या खात्यात.

२८ सप्टेंबर २०२५, वाडा

झिनी निसवते आहे, लोंब्या बाहेर पडताहेत. पुढच्या हंगामाचं ठरलं ते लिहून ठेवते.

काका आणि ओढ्यापलीकडचं घर मिळून पाच एकर, पन्नास क्विंटलचा अंदाज. त्यांचं घरचं-बियाण्याचं जाऊन छत्तीस क्विंटल आपल्याला, म्हणजे आणखी छत्तीस घरं. भाव कापणीआधीच बोलून ठेवला, क्विंटलला ३,०००. यंदाचा हमीभाव २,३६९ आहे. निम्मे पैसे वजन झाल्या दिवशी, निम्मे होळीला. निम्म्याचे ५४,००० लागतात, ते सत्तर घरांच्या आगाऊ रकमेतून येतात, कर्ज नको. तिन्ही घरांच्या कणग्या वेगळ्या, पिशवीवर ज्याचं भात त्याच्या शेताचं नाव. यात ओढ्यापलीकडच्या काकूंची अट होती की त्यांच्या यजमानांबरोबर त्यांचंही नाव छापायचं, कारण लावणीपासून निवडणीपर्यंत त्याच असतात. छापायचं.

शेतकरी उत्पादक कंपनीचा विषय निघाला होता. तिला किमान दहा उत्पादक लागतात, आपण तीन घरं. आधी हे वर्ष तिघांत नीट जाऊ दे, मग बघू.

जुन्या चौतीसपैकी एकतीस घरांनी पुन्हा नोंद केली. दोन घरं मुंबई सोडून गेली, एका घराला पॉलिश केलेलाच तांदूळ आवडतो. ‘मऊ’ लिहिलेल्या आजींचं पहिलं भरडायचं, डिसेंबर लागताच. ओलाव्याचं यंत्र यंदा विकतच घ्यायचं, कारण आता बाबांच्या दाताखाली तीन घरांचं भात येणार आहे आणि काकांना आकडा कागदावर लागतो. दादाने चौकशी करून दसऱ्याआधी सांगावं.